रानवेळची घळ

रानवेळला पाहुणे यायला लागले ते कृष्णाबाईच्या ओटीवरून, असं गावात अजून सांगतात, आणि ते खरंच आहे.

वसईकडचं निर्मळ गाव मागे टाकून पश्चिमेला चाललं की केळीच्या बागा संपतात, सुरूची झाडं सुरू होतात आणि मग हे गाव लागतं. चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात ब्रेंडा टीचर नावाची एक बाई मुंबईच्या शाळेतल्या तीस मुली घेऊन तिथं सहलीला आली होती. मुलींचे डबे लाटेत भिजले. टीचर पाणी मागायला समोरच्या घरात शिरली. कृष्णाबाई तेव्हा बावीसची, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिनं तीस भुकेले चेहरे बघितले आणि चुलीवर भाताचा टोप चढवला. सोबत सुक्या बोंबलाची चटणी आणि वाडीतली केळी. पुढच्या वर्षी टीचर पन्नास मुली घेऊन आली. त्याच्या पुढच्या वर्षी मुलींचे आईबाप आले. ओटीवर खाटा पडल्या, मग ओटीला भिंती आल्या आणि भिंतींवर पाटी आली.

बघता बघता गावाचा नूर बदलला. पानवेलींचे मांडव गेले. प्रत्येक वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, भर घालून बुजवलं गेलं आणि त्याच्या शेजारी निळ्या फरशीचा तरणतलाव खणला गेला. विहिरींचं पाणी मचूळ झालं, तसे टँकर आले. शनिवार-रविवारी बसगाड्यांची रांग देवळापर्यंत लागायची. गाव दोन भाषा शिकलं, एक घरातली आणि एक पाहुण्यांशी बोलायची. पाहुण्यांच्या भाषेत रानवेळला काहीच वाईट होत नसे. समुद्र छान, हवा छान, मासळी ताजी.

पण समुद्र छान नव्हता, आणि तो का नव्हता हे कृष्णाबाईइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

चौऱ्याण्णव साली रेती उपसून न्यायला ट्रक आले. किनाऱ्यावर गाडी उतरेल अशी वाट एकच होती, ती शत्रुघ्नच्या वाडीतून. शत्रुघ्न म्हणजे कृष्णाबाईचा नवरा. त्यानं एका सकाळी कुंपण उचकटून बाजूला ठेवलं. आठ वर्षं, दर ओहोटीला, ट्रक खाली उतरत राहिले. त्या पैशांतून पहिल्या चार पक्क्या खोल्या उठल्या. पाण्यात शिरलेला वाळूचा दांडा, ज्यावर पूर्वी पोरं ओहोटीला हुतुतू खेळायची, तो दिसेनासा झाला. आधी सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झाली आणि मग घळ पडली.

घळ म्हणजे पाण्याखालची खोल वाट. ओहोटीला किनाऱ्यालगतचं सगळं पाणी त्या वाटेनं जोरानं आत ओढलं जातं. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि पायाखाली काही नसतं. वरून बघाल तर तिथंच लाटा सगळ्यांत कमी. नवख्याला वाटतं, हीच जागा बरी. दर पावसाळ्यानंतर ती पंधरा-वीस पावलं इकडे किंवा तिकडे सरकते, पण जात नाही.

शत्रुघ्न पट्टीचा पोहणारा. बुडालेल्यांना बाहेर काढायला त्यालाच हाक मारायचे. अकरा जणांना त्यानं काढलं, त्यातले दोन जिवंत निघाले. पाचव्या की सहाव्या वेळेनंतर तो घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एक लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं आणि घळीच्या तोंडाशी रोवला. मग रोज सकाळी ओहोटी बघून तो बांबू सरकवायचा. बायकोला इतकंच म्हणाला, "वाट आपन दिली." त्यावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. तो वारला त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून बांबूचं काम कृष्णाबाईनं आपल्याकडे घेतलं.

गावानं आणखी एक रीत पाडली होती. रिसॉर्टवाल्यांच्या बैठकीत ती ठरली, पण कागदावर कुणी लिहिली नाही. बुडालेलं माणूस सापडलं की ते किनाऱ्यावरून समोरच्या रस्त्यानं न्यायचं नाही. मागे स्मशानाकडे जाणारी जी जुनी पायवाट आहे, तिथून न्यायचं. आणि तलावावरची गाणी बंद करायची नाहीत. गाणी बंद झाली की लोक विचारतात, काय झालं.

गेल्या वर्षी एप्रिलअखेर धनेशनं बांबू उपटला.

धनेश हा कृष्णाबाईचा मुलगा, रिसॉर्ट आता तोच चालवायचा. वाईट पोरगा नव्हता. आईला कधी उलटून बोलत नसे. पण शेजारी नवीन तीन रिसॉर्ट उभे राहिले होते आणि त्यांच्या समोर बांबू नव्हता.

"आये, लोक फोटो काढतात त्या लाल फडक्याचा," तो म्हणाला. "नेटवर टाकतात, इथे डेंजर आहे म्हणून. मग बुकिंग बाजूला जातं. घळ काय फक्त आपल्याच समोर आहे का?"

"आपल्याच समोर हाय," कृष्णाबाई म्हणाली.

"मग मी माणूस ठेवतो शिट्टी घेऊन. मे महिना तरी जाऊ दे."

माणूस ठेवला नाही. बांबू सिलिंडरच्या शेडमागे पडून राहिला. कृष्णाबाईनं दोनदा तो बाहेर काढला, दोन्ही वेळा सुनेनं, रीमानं, तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "आई, कशाला घरात वाद," म्हणाली. तिसऱ्यांदा कृष्णाबाई गेली नाही. साठी उलटली होती, रोज उठून लेकाशी कोण भांडणार. असं तिनं स्वतःला सांगितलं.

मेच्या दुसऱ्या रविवारी विरारहून एक कुटुंब आलं. सरोजिनी नावाची पंचेचाळिशीची बाई, नवरा नसलेली, नोकरी करून घर चालवणारी. तिचा धाकटा भाऊ जितेंद्र. आणि तिची एकुलती एक मुलगी उन्नती, एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात गेलेली. पास झाल्याबद्दलच मामा सगळ्यांना घेऊन आला होता.

इतर पाहुण्यांची पोरं तलावावर गेली तरी ही उन्नती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कृष्णाबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"आजी, मी एक करून बघू?"

"पीठ हाताला चिकटंल. पानी लाव आधी."

पोरीनं थापली ती भाकरी नकाशासारखी झाली. दोघी हसल्या. उन्नतीनं त्या भाकरीचा फोटो काढून बाहेर बसलेल्या आईला पाठवला. मग हात धुता धुता तिनं सहज विचारलं, "आजी, समुद्रात कुठे जाऊ? कुठलं पाणी चांगलं?"

रीमा शेजारीच कोशिंबीर चिरत होती. तिची सुरी थांबली. कृष्णाबाईला ती थांबलेली ऐकू आली. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती तिनं उलटली.

"गुडघ्याच्या फुडं जाऊ नका," ती म्हणाली.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

पोरगी गेली. रीमाची सुरी पुन्हा चालू झाली.

तीनच्या सुमारास ओहोटी पुरी लागली होती. आरडाओरडा कृष्णाबाईनं ऐकला नाही, कारण तलावावर गाणी मोठ्यानं लागली होती. तिनं बघितला तो जितेंद्र. ओल्या कपड्यांनी, एका पायात चप्पल, अंगणातून धावत आला आणि कुणाशी बोलावं ते न कळून नुसता दोन्ही हात हलवत राहिला. "गुडघाभर पाण्यात होती," तो म्हणत होता. "गुडघाभरच होतं हो. मी हात धरला होता."

रमेश, शेजारच्या आळीतला मच्छीमार, होडी घेऊन गेला. शत्रुघ्न गेल्यापासून हे काम त्याच्याकडे आलं होतं. दीड तासानं तो उन्नतीला घेऊन परतला. होडी त्यानं समोर लावली नाही, दूर खडकाजवळ लावली. दोन गड्यांनी चादरीत घालून तिला मागच्या पायवाटेनं आणलं आणि सिलिंडरच्या शेडमध्ये, थंड फरशीवर ठेवलं. सरोजिनी त्यांच्या मागोमाग चालत होती. तिला कुणी धरलं नव्हतं. आत शिरल्यावर तिनं मुलीच्या कपाळावरची वाळू पदरानं पुसली, पुसतच राहिली, आणि एकदम मागे वळून म्हणाली, "ही गाणी बंद करा ना कुणीतरी."

कुणी हललं नाही. शेवटी कृष्णाबाई स्वतः गेली आणि तिनं भिंतीतली वायर ओढली. तलावातली माणसं ओरडली, काय झालं, लाइट गेली का. धनेश धावत आला, त्यानं वायर परत लावली. आईकडे बघितलं नाही.

पोलीस यायच्या आधी रिसॉर्टवाले चार जण येऊन धनेशशी कुजबुजले. तासाभरानं कृष्णाबाई वाडीच्या टोकाशी गेली तर किनाऱ्यावर बांबू उभा होता. त्याला कोरं लाल कापड होतं, घडीच्या खुणा अजून तशाच असलेलं. धनेश मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता.

हवालदारानं जे सांगितलं गेलं ते लिहून घेतलं. धोक्याची खूण लावलेली होती. पाहुण्यांना तोंडी सूचनाही दिली होती. सोबतच्या इसमानं बिअर घेतली होती. बिअर जितेंद्रनं दुपारी जेवताना एक घेतली होती, ते खोटं नव्हतं. तो बाकावर बसला होता आणि वाक्यावाक्याला मान हलवत होता. हवालदारानं कृष्णाबाईला विचारलं, "आजी, तुम्ही सांगितलं होतंत ना त्यांना?"

"गुडघ्याच्या फुडं जाऊ नका म्हनून सांगितलं," ती म्हणाली.

"झालं तर," हवालदार म्हणाला आणि त्यानं तेही लिहिलं.

नऊ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, सरोजिनी एकटी आली. रिक्षातून उतरून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी. कृष्णाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"तुम्हीच ना त्या?" सरोजिनीनं विचारलं. "भाकरीवाल्या आजी?"

तिनं मोबाइल पुढे केला. त्यावर ती वाकडीतिकडी भाकरी होती, आणि कडेला कृष्णाबाईचा पिठानं माखलेला हात.

"बसा," कृष्णाबाई म्हणाली.

"बसायला नाही आले. एकच विचारायचंय. माझा भाऊ जेवत नाही. कामावर जात नाही. सगळे नातेवाईक म्हणतात, दारू पिऊन पोरीला पाण्यात नेलं, धोक्याची काठी समोर असताना. तो एकच सांगतो, ताई, काठी नव्हती. पोलीस फोटो दाखवतात, काठी आहे. आता तर तोच म्हणायला लागलाय की मला दिसली नसेल. मला फक्त खरं कळू दे. काठी होती की नव्हती?"

धनेश आवाज ऐकून ऑफिसातून बाहेर आला. "मॅडम, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो," तो म्हणाला. "पण ते सगळं रेकॉर्डवर आहे. आये, तू आत जा."

कृष्णाबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती उठून उभी राहिली.

"नव्हती," ती म्हणाली.

"आये!"

"नव्हती काठी. दोन आठवडे नव्हती. पोरगी गेल्यावर लावली, ह्यानंच लावली." ती सरोजिनीकडे वळली. "आनि ती मला विचारून गेली होती. कुठलं पानी चांगलं, म्हनून विचारलं तिनं. मला घळ ठावी होती. मी तिला सांगितलं नाय. गुडघ्याच्या फुडं जाऊ नको, एवढंच बोलली. तिथं गुडघ्याला फुडं नाय, मागं नाय, हे मला म्हाईत होतं. आनि ती घळ पन आमचीच. रेतीच्या गाड्यांना वाट माझ्या मालकानं दिली. ह्या खोल्या त्याच्यावर उभ्या हायत."

सरोजिनीनं मोबाइल खाली केला.

"का नाही सांगितलंत?"

कृष्णाबाईकडे कारणं होती. सून बघत होती, म्हणून. भाकरी करपली असती, म्हणून. रविवार होता, म्हणून. त्यातलं एकही कारण त्या पोरीच्या आईसमोर उभं राहण्यासारखं नव्हतं.

"चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं?" सरोजिनी म्हणाली. "भाजीत मीठ चुकतं, आजी." एवढं बोलून ती वळली आणि रिक्षाची वाट न बघता उन्हातून रस्त्यानं चालत गेली.

धनेश आईवर ओरडला नाही. तो खुर्चीवर बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "तिला सांगितलंस, ठीक आहे. आईचं मन असतं. पण बाहेर कुठे बोलू नकोस. मला आत टाकतील. तुझ्या नातवंडांचं काय?"

कृष्णाबाईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. दोन दिवस तिनं भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि रमेशच्या घरी गेली. "माझ्यासोबत चौकीवर येशील? तुला पन म्हाईत हाय, काठी नव्हती."

रमेश जाळं शिवत होता. त्यानं मान वर केली नाही. "काकी, माझी मासळी सगळी रिसॉर्टात जाते," तो म्हणाला. "मी नाय येनार. तू पन जाऊ नको. मेली ती काय परत येनार हाय?"

ती एकटीच गेली. हवालदारानं तिला दोनदा विचारलं, "आजी, मुलाविरुद्ध जबाब देताय, समजतंय ना?" ती म्हणाली, "नुसतं मुलाविरुद्ध नाय, माझ्यापन विरुद्ध. ते पन लिवा." ते कसं लिहायचं ते हवालदाराला कळेना. शेवटी त्यानं साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि जबाब लिहिला. कृष्णाबाईनं खाली सही केली. सही करायला ब्रेंडा टीचरनंच तिला शिकवलं होतं, कधीतरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ओटीवर बसून.

त्या संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. आळीतल्या बायका नळावर होत्या, त्यांनी घागरी भरून घेतल्या आणि एकेक करून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी धनेशला पोलीस घेऊन गेले. चार दिवसांनी तो जामिनावर सुटून आला. रीमा पोरांना घेऊन चांदीपला माहेरी निघून गेली. जाताना ती सासूच्या पाया पडली, नेहमीसारखी, आणि म्हणाली, "त्या दिवशी मी काही बोलले नव्हते, आई. मी नुसती थांबले होते." कृष्णाबाई म्हणाली, "व्हय. मी पन."

धनेशनं आईचं जेवणखाण तोडलं नाही. ताट वाढून ठेवायचा आणि निघून जायचा. एकाच घरात दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये सबंध दिवसभर शब्द नाही. महिनाभरानं कृष्णाबाईनंच बोचकं बांधलं आणि ती उमेळ्याला मुलीकडे, तेजस्वीकडे राहायला गेली. तेजस्वीच्या खिडकीतून अर्धवट बांधलेल्या इमारती दिसायच्या. समुद्र दिसत नव्हता, ऐकूही येत नव्हता. पहिले काही दिवस त्यामुळे तिला झोप लागेना.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर रानवेळला सरकारी फलक लागला, सिमेंटच्या पायात पक्का रोवलेला. घळ तोवर वीस पावलं दक्षिणेला सरकली होती. रिसॉर्टला धनेशनं नवीन नाव आणि नवीन रंग दिला. डिसेंबरात बसगाड्या पुन्हा देवळापर्यंत लागल्या. हे सगळं तेजस्वीच्या नवऱ्याकडून कळत गेलं. जानेवारीत भाईंदरकडचा कुणी एक जण बुडाला. त्याला कुठल्या वाटेनं नेलं हे कृष्णाबाईनं विचारलं नाही.

खटला वसईच्या कोर्टात उभा राहिला. धनेश वकिलाशेजारी बसायचा. कृष्णाबाई साक्षीदार, ती मागच्या बाकावर. दुसऱ्या टोकाला सरोजिनी आणि जितेंद्र. जितेंद्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. तो पुन्हा कामावर जायला लागला होता, एवढं कृष्णाबाईला त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरून समजलं. तिला त्यातच थोडं बरं वाटलं. तीन तारखा झाल्या. प्रत्येक वेळी काहीतरी राहून जायचं आणि पुढची तारीख पडायची. तिन्ही वेळा सरोजिनी तिच्यासमोरून गेली, पण तिनं मान वळवली नाही.

चौथ्या तारखेला धनेश बाहेर जिन्यात आईपाशी थांबला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

"आये, अजून तुझी साक्ष झालेली नाही," तो म्हणाला. "वकील म्हणतो, वयामुळे नीट आठवत नाही असं बोललीस तरी भागेल. खोटं बोल म्हणत नाही मी. आठवत नाही, एवढंच. गुढीपाडव्याला पोरं येतील घरी. तू पण चल."

त्याच्या कानामागचे केस पिकले होते. हे तिला आत्ताच दिसलं. तिनं त्याच्या गालाला हात लावला, त्यानं लावू दिला.

"मला समदं आठवतंय रे," ती म्हणाली.

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि मग भराभर उतरून गेला.

कृष्णाबाई कठड्याला धरून उभी राहिली. मागून कुणीतरी येऊन उभं राहिलं, ती सरोजिनी होती. तिनं ते सगळं ऐकलं होतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

"मला तुमच्याशी बोलवत नाही," सरोजिनी म्हणाली. "पुढेही बोलवणार नाही. तुम्ही समोर आलात की मला ती भाकरी आठवते." तिनं पिशवीतून तारखेचा कागद काढला. "पण तुम्ही यायचं थांबू नका."

"येते," कृष्णाबाई म्हणाली.

"सतरा तारीख आहे. साडेदहाला."

"येते," ती पुन्हा म्हणाली, आणि कठडा सोडून एकेक पायरी उतरू लागली.